आजोबा कशाने गेले?

भाचीने फोन लावला तेव्हा कलोनमध्ये सकाळचे सात वाजले होते. सांगलीत साडेदहा. मागून कुकरची शिट्टी ऐकू आली, म्हणजे ताई स्वयंपाकघरातच होती.

"आई, आजोबा कशाने गेले?"

"कोण, माझे बाबा? झोपेत गेले. तुला माहितीये की."

"हो, पण कशाने?"

ताई जरा थांबली. "कशाने म्हणजे... रात्री जेवून झोपले, सकाळी उठलेच नाहीत. पुण्यवान माणूस. गल्लीतल्या डॉक्टरांनी हार्ट म्हणून सांगितलं. तेव्हा कोण एवढं खोदून विचारत होतं?"

"वय?"

"सत्तावन्न."

भाचीने समोरच्या फॉर्मवर 'कुटुंबात हृदयविकार' या ओळीत 'होय'ची खूण केली. मी टेबलाच्या पलीकडे चहा घेऊन बसले होते. ते माझेही वडील. इतक्या वर्षांत हा प्रश्न मीही कधी कुणाला विचारला नव्हता.

संपादकांनी यंदाच्या अंकासाठी 'शरीर' हा विषय दिला, तेव्हा भाचीच्या मेडिकलची तारीख ठरलेली होती. मी माझी तारीख तिच्या तारखेशी जुळवून घेतली आणि जर्मनीला गेले. सांगलीची मुलगी, पुण्यात इंजिनिअरिंग, आखेनला मास्टर्स, मग दोन वर्षं नोकरी. साठवलेले पैसे आणि वर कर्ज घेऊन तिला युरोपचं व्यावसायिक वैमानिकाचं लायसन्स काढायचं आहे. कोर्सची फी लाखभर युरोच्या घरात जाते. म्हणूनच कुठल्याही चांगल्या फ्लाइंग स्कूलमध्ये चौकशी केली की पहिलं वाक्य ऐकू येतं ते एकच: आधी मेडिकल, मग फी.

मेडिकल म्हणजे इथे एक कागद. जर्मन भाषेत त्याच्या नावात 'टाउग्लिश' हा शब्द आहे. कामाला येण्याजोगा, लायक. सैन्यभरतीतही हाच शब्द वापरतात. आपल्याकडचे वैमानिक नुसतं 'फिट' म्हणतात, आणि त्याच्या उलट 'अनफिट' हा शब्द उच्चारताना आवाज खाली आणतात.

तो फॉर्म

युरोपात विमानांसंबंधीचे नियम करणारी संस्था, सगळे तिला ईआसा म्हणतात, कलोनमध्येच आहे, ऱ्हाइन नदीच्या काठावर, रेल्वे स्टेशनपासून चालत जाण्याच्या अंतरावर. वैमानिकांच्या लायसन्सचे नियम तिथे ठरतात. त्यातला वैद्यकीय भाग 'पार्ट-मेड' या नावाने ओळखला जातो, आणि तो 2011च्या युरोपीय नियमावलीचा एक भाग आहे. लायसन्स मात्र ईआसा देत नाही. ते त्या-त्या देशाचं विमान खातं देतं. जर्मनीचं ब्राउनश्वाइगला आहे. ज्या देशाचं लायसन्स, त्याच देशाच्या खात्यात तुमची वैद्यकीय फाइल असावी लागते. उद्या भाचीने लायसन्स दुसऱ्या युरोपीय देशात हलवलं, तर तिची फाइलही तिच्यामागून जाईल.

भारतातलं मेडिकल इथे चालत नाही. दोन्हीकडच्या नियमांचं मूळ आंतरराष्ट्रीय नागरी विमान संघटनेच्या एकाच परिशिष्टात आहे, तरीही भारताच्या विमान खात्याचं, म्हणजे डीजीसीएचं, मेडिकल हातात असलेल्या, हजारो तास उडवलेल्या भारतीय कॅप्टनलाही युरोपचं लायसन्स हवं असेल तर इथे पहिल्यापासून तपासून घ्यावं लागतं. नागरिकत्वाची अट नाही. अट फक्त शरीराची.

तपासणीचे वर्ग तीन. पगार घेऊन विमान चालवायचं तर क्लास वन. स्वतःच्या हौसेसाठी खासगी लायसन्स हवं तर क्लास टू. त्याहून हलक्या लायसन्ससाठी तिसरा, सर्वांत सौम्य वर्ग. काही देशांत हा तिसरा दाखला नेहमीचा फॅमिली डॉक्टरही देऊ शकतो. क्लास वन पहिल्यांदा काढताना मात्र अधिकृत विमानवैद्यकीय केंद्रातच जावं लागतं. नंतरच्या वर्षांत विमानवैद्यकाचं प्रशिक्षण घेतलेला, मान्यता असलेला एखादा डॉक्टर पुरतो. जर्मन लोक त्याला 'फ्लीगरआर्ट्झ्ट' म्हणतात, उडणाऱ्यांचा डॉक्टर.

भाचीच्या पुढ्यातला तो फॉर्म मी दोनदा वाचला. डोळ्यांचा त्रास, दमा, रक्तदाब, मुतखडा, डोक्याला मार, वारंवार डोकेदुखी, चक्कर किंवा घेरी, कुठल्याही कारणाने शुद्ध हरपणं, फिट्स, मानसिक आजार, दारू, आत्महत्येचा प्रयत्न, गाडी लागते म्हणून घेतलेलं औषध, झोपेचे विकार. 'मलेरिया किंवा उष्ण प्रदेशातला अन्य आजार' अशीही एक ओळ आहे. भाचीला पुण्यात कॉलेजमध्ये असताना डेंग्यू झाला होता. तिने 'होय' लिहिलं आणि पुढे वर्ष घातलं. मग आयुर्विमा कधी नाकारला गेला का, सैन्याने वैद्यकीय कारणावरून परत पाठवलं का. आणि शेवटी कुटुंब: हृदयविकार, उच्च रक्तदाब, कोलेस्टेरॉल, अपस्मार, मानसिक आजार किंवा आत्महत्या, मधुमेह, क्षयरोग, दमा, काचबिंदू.

आपल्याकडे या यादीतल्या निम्म्या गोष्टी स्थळ बघताना लपवायच्या असतात. आईची शुगर सांगतात, कारण ती सगळ्यांनाच असते. क्षय झालेला आजोबा 'छातीचं दुखणं' होऊन जातो. अपस्माराच्या आत्याला 'उन्हाचा त्रास' असतो. ताईने फोनवर कोलेस्टेरॉल सांगितलं, स्वतःचा रक्तदाब सांगितला, सासूबाईंचा काचबिंदू आठवून सांगितला.

'मानसिक आजार किंवा आत्महत्या' या ओळीवर भाची क्षणभरही अडखळली नाही. 'नाही'ची खूण करून ती पुढे गेली. तिला माहीतच नव्हतं. मला माहीत होतं. माझे धाकटे काका विहिरीत पडून गेले. पाय घसरला, असं आमच्या घरात चाळीसहून अधिक वर्षं सांगितलं जातं. ती विहीर कठड्याची होती. मी चहाचा कप उचलला आणि काहीच बोलले नाही.

बारा हा आकडा सगळ्यांना दिसतो

केंद्र शहराबाहेर आहे. ट्रामने शेवटच्या टोकाला जायचं, तिथून बस. वेटिंग रूममध्ये सहा माणसं. पन्नाशीतला एक कॅप्टन वार्षिक तपासणीला आलेला, बाकी पाच पोरं पहिल्या क्लास वनसाठी. रात्रीपासून उपाशी, गप्प, प्रत्येकाच्या हातात पाण्याची बाटली. कॅप्टन तेवढा आरामात पेपर वाचत होता. नंतर माझ्या लक्षात आलं की तोही बराच वेळ एकाच पानावर होता.

भाचीने महिनाभर रोज खजूर आणि नाचणीची भाकरी खाल्ली होती. क्लास वनला दर वेळी हिमोग्लोबिन बघतात, आणि शाकाहारी मुलीच्या आईला या एका शब्दाची जन्मापासून धास्ती असते. नाचणीचं पीठ ताईने पार्सलने धाडलं होतं. सुई टोचली, नळी भरली, लघवीची बाटली झाली. तेवढ्यात पुढच्या खोलीचं दार उघडलं.

डोळे. तिचा नंबर वजा अडीच. चष्म्याने वैमानिक होता येत नाही हा आपल्याकडचा जुना समज मी लहानपणापासून ऐकत आले. क्लास वनचा नियम असा: प्रत्येक डोळ्याने वेगळं बघितलं तर 6/9, दोन्ही मिळून 6/6, चष्म्यासह किंवा चष्म्याशिवाय. वजा सहाच्या पुढे नंबर गेला तर नेत्रतज्ज्ञाची वेगळी, सखोल तपासणी. जवळचं वाचन तीस ते पन्नास सेंटिमीटरवर, आणि मधलं एक मीटरवर, कारण कॉकपिटमधल्या पडद्यांचं आणि बटणांचं अंतर तेवढंच असतं. चष्मा असेल तर तो घालायचाच आणि तसाच दुसरा जवळ ठेवायचा, ही अट दाखल्यावर छापून येते.

मग ते पुस्तक आलं. जपानच्या शिनोबू इशिहारांनी 1917मध्ये छापलेल्या रंगपट्ट्या, ठिपक्यांच्या वर्तुळात लपलेले आकडे. पहिल्या पानावर 12. तो रंगांधळ्यालाही दिसतो. परीक्षा काय आहे ते समजावं, एवढ्यासाठीच तो ठेवलेला. चोवीस पानांच्या आवृत्तीतली पहिली पंधरा एकही चूक न करता ओळखायची. परीक्षक बाई पान उलटत होत्या आणि भाची आकडा सांगत होती. एका पानावर तिचं बोट नकळत हवेत आकड्याची रेघ काढत गेलं, पाचवरून सहाकडे वळलं, मग थांबलं. बाईंनी पान थोडं उजेडाकडे कललं तर नाही ना, ते पाहिलं आणि पुढचं पान उलटलं.

रंगाचं एवढं काय, असं मला वाटायचं. रात्री धावपट्टीकडे येणाऱ्या विमानाला जमिनीवर चार दिवे दिसतात. दोन पांढरे, दोन लाल दिसले तर उतार बरोबर. चारही पांढरे, तर विमान फार वर. चारही लाल, तर फार खाली. दुसऱ्या विमानाच्या डाव्या पंखावर लाल दिवा असतो, उजव्यावर हिरवा. त्यावरून ते जवळ येतंय की दूर जातंय, कुठल्या बाजूने, ते अंधारात कळतं. पुस्तकात जे अडखळतात, त्यांची वाट तिथेच संपत नाही. दिव्यांची किंवा यंत्रावरची पुढची परीक्षा असते, आणि तीत जे सुरक्षित ठरतात ते उडतात.

कानाच्या खोलीत काचेमागे हेडफोन लावून बसलेली ती मला दिसत होती. बारीक शिट्टी ऐकू आली की बटण दाबायचं. प्रत्येक कान वेगळा. 500, 1000 आणि 2000 हर्ट्झला पस्तीस डेसिबलपेक्षा जास्त तूट नको, 3000ला पन्नासपेक्षा. मग डॉक्टरांनी कानात दिवा घालून नाक दाबून फुंकर मारायला सांगितलं. पडदा हलतो का, ते बघायचं होतं. उडत्या विमानाच्या आत साधारण सहा ते आठ हजार फुटांवरच्या डोंगराइतकाच हवेचा दाब ठेवलेला असतो. सर्दीने कानाची नळी बंद असेल तर उतरताना कानात सुरी फिरावी तसं होतं, आणि ते होतं नेमकं लँडिंगच्या वेळी. वैमानिक साध्या सर्दीला का घाबरतात, ते मला त्या खोलीत कळलं.

फुप्फुसांची फुंकर, छाती-पाठ, पोट, गुडघ्यावर हातोडी. आणि ईसीजी. इथे भाचीची फाइल जाड झाली. 'चक्कर किंवा घेरी' या ओळीत तिने 'होय' लिहिलं होतं. आठवीत असताना श्रावणी सोमवारी, उपाशीपोटी, शाळेच्या मैदानावर प्रार्थनेला उन्हात उभी असताना ती पडली होती. आधी डोळ्यांपुढे अंधारी, घाम, मळमळ, मग अर्धा मिनिट काही आठवत नाही. वेटिंग रूममधल्या एका मुलाने तिला सल्ला दिला होता, "हे लिहू नकोस, कोण शोधायला जाणार सांगलीत?"

डॉक्टरांनी त्या पडण्याबद्दल तिला दहा मिनिटं विचारलं. किती वाजता, काय खाल्लं होतं, पडण्याआधी काय वाटलं, हातपाय आखडले का, जीभ चावली गेली का, उठल्यावर भान होतं का, पुन्हा कधी झालं का. मग हृदयाची सोनोग्राफी, ट्रेडमिलवरचा ईसीजी आणि होल्टर, म्हणजे अंगावर बांधून चोवीस तास चालणारा ईसीजी, लिहून दिला.

शंभरात एक

त्या दिवशी दुपारी मला डॉक्टरांशी बोलायला अर्धा तास मिळाला. सत्तावन्नव्या वर्षी झोपेत गेलेला आजोबा आणि आठवीतली घेरी, हे लाखभर युरोच्या स्वप्नाला का आडवं यावं, हा माझा प्रश्न होता. त्यांनी कागद ओढला आणि गणित मांडलं.

माणूस आहे, तोवर अचानक कोसळण्याची शक्यता शून्य कधीच होत नाही. प्रश्न असा की किती चालेल. वर्षाला एक टक्का, असं युरोपातल्या हृदयरोगतज्ज्ञांनी 1980च्या दशकात मांडलं. म्हणजे अशा शंभर वैमानिकांत वर्षभरात एकजण. वर्षात 8,760 तास. शंभर माणसांचे झाले आठ लाख शहात्तर हजार. दहा लाख तासांत एकदा, असं ढोबळ धरू. पण विमान क्षणभराच्या चुकीने पडेल असा काळ म्हणजे उड्डाण आणि उतरणं, प्रवासाचा साधारण दहावा हिस्सा. मग एक कोटीत एक. त्यातही शेजारी दुसरा वैमानिक आहे. अशा क्षणी शंभरातल्या नव्व्याण्णव वेळा तो सावरून घेतो. मग शंभर कोटीत एक. विमानाच्या एखाद्या यंत्रणेच्या जीवघेण्या बिघाडाकडूनही अभियंते एवढीच अपेक्षा ठेवतात.

मी तो कागद मागून घेतला. क्लास वन म्हणजे उत्तम प्रकृतीचं प्रशस्तिपत्रक असं मी समजत होते. इथे उत्तम प्रकृती कुणी शोधतच नाही. पुढच्या बारा महिन्यांत हे शरीर ऐनवेळी साथ सोडेल का, एवढंच बघतात. म्हणून तर मुतखड्यासारखं, कुणाचा जीव न घेणारं दुखणं इथे मोठं. मूत्रपिंडात खडा शिल्लक आहे तोवर तो कधी सरकेल ते सांगता येत नाही, आणि सरकला की माणूस वेदनेने दुमडतो. उलट रक्तदाबाची गोळी रोज घेणारा, दाब काबूत असलेला वैमानिक निर्धास्त उडू शकतो. दाब सातत्याने 160 किंवा 95च्या वर असला तरच तो थांबतो. ज्याची जोखीम थोडी अधिक भरते, त्याच्या दाखल्यावर तीन अक्षरं छापून येतात: ओएमएल. म्हणजे फक्त दुसऱ्या वैमानिकासह. ही अक्षरं लागलेला कॅप्टन मोठी विमानं चालवू शकतो, एकट्याने मात्र नाही.

आणि ईसीजी म्हणजे कवच नाही, हेही त्यांनीच सांगितलं. 18 जून 1972 रोजी लंडनहून ब्रुसेल्सला निघालेलं ट्रायडंट विमान तीन मिनिटांच्या आत स्टेन्स गावाजवळ कोसळलं. 118 जण गेले. कॅप्टनच्या हृदयाच्या धमन्या आतून खराब झालेल्या होत्या, शवविच्छेदनात ते दिसलं. त्याआधीच्या नेहमीच्या ईसीजींमध्ये ते कधीच उमटलं नव्हतं. म्हणूनच कुटुंबाचा इतिहास विचारतात. जे यंत्राला दिसत नाही ते कधी कधी आजोबांच्या वयात दिसतं.

वय वाढेल तशी वीण घट्ट होते. ईसीजी तिशीपर्यंत पाच वर्षांतून एकदा, चाळिशीपर्यंत दोन वर्षांतून एकदा, पन्नाशीपर्यंत दरवर्षी, नंतर प्रत्येक तपासणीला. क्लास वन एरवी बारा महिने चालतं. साठीनंतर सहाच, आणि एकट्याने प्रवासी नेणाऱ्याला चाळिशीनंतरच सहा. पासष्टनंतर प्रवासी वाहतूक बंद.

गवताची धावपट्टी

होल्टर छातीवर लावलेली भाची आणि मी रविवारी तिच्या मैत्रिणीच्या ग्लायडर क्लबात गेलो. शर्टाखालून तारा निघालेल्या, कमरेला छोटी पेटी. टेकडीवर गवताचं मैदान, एका टोकाला लाकडी शेड. इंजिन नसलेलं विमान लांब दोराने ओढून वर सोडतात. दोर सुटतो आणि एकदम शांतता होते.

तिथे एकाहत्तर वर्षांचे एक गृहस्थ ग्लायडरचा पंख ओल्या फडक्याने पुसत होते. पंखाच्या पुढच्या कडेला चिकटलेले किडे त्यांनी एकेक करून काढले, कारण त्यानेही उडणं बिघडतं. ग्लायडरला तो सर्वांत सौम्य दाखला चालतो, चाळिशीनंतर दर दोन वर्षांनी. मी त्यांना विचारलं, दोन वर्षं म्हणजे फार झाली नाहीत का? मधल्या दिवसांत काय?

"मधल्या दिवसांत डॉक्टर मीच," ते म्हणाले.

हे त्यांनी सहज सांगितलं, पण नियमाचा कणा तोच आहे. खिशात चालू दाखला असला तरी प्रकृती खालावल्याचं जाणवलं की उडायचं नाही. ऑपरेशन झालं, इस्पितळात राहावं लागलं, कायमचं औषध सुरू झालं, पहिल्यांदा चष्मा लागला, दिवस गेले, की विमानवैद्याला स्वतःहून कळवायचं. त्या गृहस्थांना तीन वर्षांपूर्वी स्टेंट बसला. कुणी विचारायच्या आत त्यांनी क्लबच्या वहीतून आपलं नाव खोडलं. एक पूर्ण हंगाम दुसऱ्यांचे ग्लायडर ढकलले, दोर जोडले. मग हृदयाच्या सगळ्या तपासण्या नव्याने होऊन परवानगी मिळाली. "तो उन्हाळा फार लांब होता," एवढंच म्हणाले, आणि फडकं पिळून पुन्हा पंखाकडे वळले.

त्यांचं पोट त्यावर चालत नव्हतं. ज्याचं चालतं, त्याला हे इतकं सोपं नाही.

24 मार्च

कलोनहून उत्तरेला हाल्टर्न नावाचं गाव आहे. 24 मार्च 2015 रोजी तिथल्या एका शाळेची सोळा मुलं आणि दोन शिक्षिका बार्सिलोनाहून डुसेलडॉर्फला परत येत होत्या. जर्मनविंग्जचं विमान 9525. कॅप्टन कॉकपिटबाहेर गेला, सहवैमानिकाने आतून दार लावून घेतलं आणि विमान फ्रान्समधल्या आल्प्सवर नेऊन आदळलं. 150 माणसं होती. त्या सहवैमानिकाकडे चालू क्लास वन होतं.

फ्रान्सच्या अपघात तपास संस्थेचा अहवाल पुढच्या मार्चमध्ये आला. प्रशिक्षणाच्या काळात त्याला नैराश्य येऊन गेलं होतं, ते विमान खात्याला ठाऊक होतं. नंतरचा आजार त्याने मालकापासून लपवला. अपघाताच्या दोन आठवडे आधी एका खासगी डॉक्टरने त्याला मनोरुग्णालयात दाखल व्हायला सुचवलं होतं. त्या डॉक्टरने ते कुणाला कळवलं नाही. रुग्णाची गुप्तता कधी मोडायची, याबद्दल जर्मनीत स्पष्ट सूचना नव्हत्या. अहवालात आणखी एक गोष्ट नोंदवली आहे आणि मला ती सर्वांत महत्त्वाची वाटते: लायसन्स गेलं तर उडणं जाईल ही भीती, आणि उत्पन्न बुडालं तर भरून देईल असा पुरेसा विमा नसणं.

त्यानंतर नियम बदलले. क्लास वनच्या पहिल्या तपासणीत मानसिक आरोग्याची सविस्तर विचारपूस आली. विमान कंपन्यांना 2018च्या नियमाने वैमानिकांची नियमित उड्डाणं सुरू होण्याआधी मानसशास्त्रीय चाचणी घेणं आणि मदतगट चालवणं बंधनकारक झालं. मदतगट म्हणजे ज्याच्याकडे वैमानिक जाऊन मोकळं बोलू शकेल असा दुसरा वैमानिक, प्रशिक्षण घेतलेला. नैराश्यातून बरा झालेला, स्थिर डोसवर गोळी चालू असलेला माणूसही तज्ज्ञांच्या तपासणीनंतर पुन्हा, दुसऱ्या वैमानिकासह, उडू शकतो. हे बहुतेकांना माहीत नसतं.

डॉक्टर मला म्हणाले होते, "डोळ्याचा नंबर मी मोजतो. कानाचा मोजतो. मन मोजायचं यंत्र माझ्याकडे नाही. समोरच्याने सांगितलं तरच मला कळतं. आणि तो घाबरलेला असतो, कारण शिक्का माझ्या हातात असतो." हे दुखणं माझ्या मते नियमांनी पुरतं सुटणारं नाही. सांगितल्यावर काय होईल, याची खात्री तरुण पोरांना पहिल्याच दिवशी मिळाली पाहिजे. वेटिंग रूममधला तो मुलगा वाईट नव्हता. 'लिहू नकोस' हे त्याला कुणा मोठ्यानेच शिकवलं असणार. आमच्या घरात ते मीच केलं होतं, चहाचा कप उचलून.

सांगायचं राहिलेलं

त्या रविवारी ग्लायडर क्लबातून परतीच्या ट्रेनमध्ये मी भाचीला काकांचं सांगितलं. कठड्याची विहीर, त्याआधीचे सहा-सात महिने, मिरजेच्या डॉक्टरांकडे आजी पदराआड रडत त्यांना घेऊन जायची ते. ते जेवायला यायचे नाहीत आणि माळ्यावर एकटे बसून राहायचे. मी आठ-नऊ वर्षांची होते. भाची खिडकीबाहेर बघत होती. मग म्हणाली, "मावशी, मी 'नाही' लिहिलंय ना तिथे."

"मला माहितीये."

"आईला माहितीये?"

"तिला माझ्यापेक्षा जास्त माहितीये."

सोमवारी पेटी परत द्यायला गेलो तेव्हा तिने डॉक्टरांना फॉर्म परत मागितला. ती खूण खोडली, 'होय' केली, बाजूला सही आणि तारीख टाकली. डॉक्टरांनी खुर्ची तिच्याकडे वळवली. तुला स्वतःला कधी असं काही वाटलं का, झोप कशी, परदेशात एकटी आहेस तर मन कुणाजवळ मोकळं करतेस. भाचीने सगळ्याची उत्तरं दिली, शेवटच्याला माझ्याकडे बोट दाखवलं. त्यांनी फाइलमध्ये दोन ओळी लिहिल्या. एवढ्याने काही अडत नाही, बरं झालं सांगितलंस, असं म्हणाले.

होल्टरमध्ये काही निघालं नाही. सोनोग्राफीही चांगली आली. ट्रेडमिलवर ती शेवटच्या टप्प्यापर्यंत धावली होती. घेरीबद्दल त्यांनी साधी, उन्हाची आणि उपासाची, असा अभिप्राय दिला. दाखल्यावर एकच अट येणार होती, व्हीडीएल: दूरचा चष्मा लावायचा, दुसरा जवळ ठेवायचा.

निघता निघता त्यांनी विचारलं, "त्या काकांचं वय किती होतं?"

आम्हा दोघींनाही सांगता येईना. मी बाहेर येऊन पायऱ्यांवर बसून ताईला फोन लावला. काय विचारायचंय ते मी सांगितलं, आणि पलीकडे इतका वेळ आवाज आला नाही की फोन कटला असं वाटलं.

"तिने लिहिलं का ते?" ताईने विचारलं.

"लिहिलं."

"बरं केलं." मग कपाटाचं दार उघडल्याचा आवाज आला. "थांब, त्याचा मॅट्रिकचा दाखला माझ्याजवळ आहे. आईने मला दिला होता जपून ठेवायला. जन्मतारीख बघून सांगते."